अधिकारी कोण?

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांचा एक शिरस्ता असा होता की, ग्रंथाच्या प्रारंभीच विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टींचा निर्देश केल्याखेरीज ग्रंथकार पुढे पाऊल टाकीत नसे. या चारांना मिळून अनुबंधचतुष्टय असे म्हणत. पहिल्या तिहींविषयी फारसा वाद होत नसे. वाद होई तो चौथ्याविषयी. ज्ञान कशाचे आणि कशासाठी हे एकदा ठरले, तरी ते कोणाला द्यावयाचे हा प्रश्न केवळ तर्काचा राहत नाही, तो समाजाच्या रचनेचा होतो, आणि तेथे मोठमोठ्या आचार्यांची प्रज्ञाही आपल्या काळाने आखलेल्या सीमेशी येऊन थांबलेली दिसते. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मंजुरी दिली, त्याच्या मजकुरात शिक्षणाचा विषय आणि शिक्षणाचे प्रयोजन यांची चर्चा विस्ताराने आणि पुष्कळ ठिकाणी उदात्त भाषेत केलेली आहे. अधिकारी कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातील कोणत्याही एका कलमात सापडत नाही. ते संस्थांच्या वर्गवारीत, विद्यार्थिसंख्येच्या अपेक्षेत आणि अंमलबजावणीच्या मुदतींत विखुरलेले आहे. ते एकत्र करून पाहावे, आणि पाहताना विद्यापीठाच्या उंच इमारतीतून न पाहता तालुक्याच्या गावातील मध्यम प्रतीच्या महाविद्यालयाच्या ओसरीवरून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मध्यम म्हणजे कोणते, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुण्यामुंबईची जी नामांकित महाविद्यालये स्वायत्तता मिळवून बसली आहेत, ज्यांच्या दारी प्रवेशासाठी रांग लागते, त्यांची गोष्ट निराळी. ज्या संस्था केवळ कागदोपत्री जिवंत आहेत, जेथे वर्ग भरत नाहीत आणि दाखले मात्र मिळतात, त्यांच्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. त्या बंद पडल्या तर विद्येची हानी होणार नाही. या दोहोंच्या मध्ये महाराष्ट्रात शेकडो महाविद्यालये अशी आहेत की, जी कोण्या शिक्षणसंस्थेने साठसत्तर वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून उभारली, जेथे कला आणि वाणिज्य या शाखा आहेत आणि कोठे कोठे विज्ञानही आहे, ज्यांचा पट हजारबाराशेच्या आतबाहेर असतो, ज्यांना मूल्यांकनात ना शिखराची श्रेणी मिळते ना तळाची, आणि जेथे येणारा विद्यार्थी बहुधा आपल्या घराण्यातील पदवीची पायरी चढणारा पहिलाच असतो. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. बापूजी साळुंखे यांनी कोल्हापूरच्या भूमीत, पंजाबराव देशमुखांनी वऱ्हाडात, बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने जे बीज पेरले, त्याचीच ही लहानमोठी रोपे. त्यांच्या संस्थापकांनी अधिकाऱ्याचा शोध घेतला नाही. जो दारी आला तो अधिकारी, असे त्यांनी मानले.

आता धोरणाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते प्रथम मान्य करावयास हवे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि महाविद्यालयाने शिकवावे, अशी ती वाटणी होती. तिच्यातून संलग्नीकरणाची जी पद्धती रूढ झाली, तिने महाविद्यालयीन अध्यापकाचा आत्मसन्मान दीडशे वर्षे कुरतडला. काय शिकवावयाचे हे दुसऱ्याने ठरविलेले, कशी परीक्षा घ्यावयाची हेही दुसऱ्याने ठरविलेले, आणि विद्यापीठाच्या दफ्तरात त्याचे स्थान एक मान्यताक्रमांक एवढेच. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये आणि पुढे १९८६ च्या धोरणाने स्वायत्त महाविद्यालयांचा पुरस्कार केला तो या दुखण्यावर उपाय म्हणूनच, आणि २०२० चे धोरण जेव्हा पंधरा वर्षांच्या अवधीत टप्प्याटप्प्याने संलग्नीकरण संपुष्टात आणण्याची भाषा करते, तेव्हा त्यात एका जुन्या अन्यायाचे निवारण आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचप्रमाणे, जी मुलगी पहिल्या वर्षानंतर लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे महाविद्यालय सोडते, तिच्या हाती आजवर काहीच उरत नसे. आता एका वर्षाचे प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका, तीन वर्षांची पदवी आणि चौथ्या वर्षी सन्मानपूर्वक पदवी अशी सोपानरचना झाली असून तिने मिळविलेले श्रेयांक सात वर्षांच्या मुदतीपर्यंत तिच्या खात्यावर जमा राहतात. यात करुणा आहे, आणि ती खरी आहे.

परंतु त्याच धोरणाच्या दुसऱ्या कलमांकडे पाहिले म्हणजे मन साशंक होते. २०४० पर्यंत प्रत्येक उच्चशिक्षणसंस्थेने बहुविद्याशाखीय व्हावे आणि तिचा पट तीन हजार किंवा त्याहून अधिक असावा, असे उद्दिष्ट त्यात मांडलेले आहे. आणि धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्या वेळी देशातील केवळ ४ टक्के महाविद्यालये तीन हजारांच्या वर होती, तर शंभराच्याही आत पट असणारी २० टक्क्यांहून अधिक होती. उच्चशिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे, हेही उद्दिष्ट त्याच ग्रंथात आहे. ही दोन उद्दिष्टे शेजारी ठेवली की प्रश्न उभा राहतो: जो नवा निम्मा वर्ग आपण महाविद्यालयात आणू इच्छितो, तो राहतो कोठे? तो पाटणच्या डोंगरात राहतो, अक्कलकुव्याच्या पाड्यावर राहतो, किनवटच्या रानात राहतो. तेथे तीन हजारांचा पट जमविणे अशक्यप्राय आहे. मग लहान संस्थेने मोठीत विलीन व्हावे किंवा समूहात सामील व्हावे, असा मार्ग दाखविला जातो. कागदावर तो सुलभ आहे, परंतु ज्या मुलीला घरून एवढ्याच अटीवर शिकण्याची परवानगी मिळाली आहे की दुपारच्या एस.टी.ने ती घरी परत यावी, तिच्यासाठी चाळीस मैलांवरचे बहुविद्याशाखीय विद्यापीठ आणि काशीचे विश्वविद्यालय यांत फरक राहत नाही.

महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि उर्वरित संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना अंमलात आली. अशाच एका तालुक्याच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील वेळापत्रक मी बराच वेळ वाचीत उभा होतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञानप्रणाली अशी रकान्यांची दाटी होती. ओपन इलेक्टिव्ह याचा अर्थ कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या आवडीचा दुसऱ्या शाखेतील विषय निवडावा. येथे निवडीला वाव असा उरला होता की वाणिज्याचे मूलतत्त्व घ्यावे किंवा वाणिज्याचे मूलतत्त्वच घ्यावे, कारण दुसरा अध्यापक उपलब्ध नव्हता. इतिहासाच्या प्राध्यापकांचे नाव चार निरनिराळ्या रकान्यांत होते. कायम अध्यापकांची नावे मोजकी आणि उरलेल्या नावांपुढे कंसात सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर, जितके तास तितके मानधन. पुढच्या जूनमध्ये तोच माणूस पुन्हा रुजू होईल किंवा नाही हे त्यालाही ठाऊक नाही. कार्यप्रशिक्षणासाठी विद्यार्थी गावातल्या पतसंस्थेत, दूध संकलन केंद्रात आणि कृषी सेवा केंद्रात जातात आणि तेथील व्यवस्थापकाचा शिक्का असलेला कागद आणून देतात. त्या प्राध्यापकांशी बोलताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ज्ञानप्रणालीच्या तासाला आपण या भागातील बारवा आणि पाणवठे यांविषयी सांगतो, मुले आपापल्या गावच्या विहिरींची माहिती काढून आणतात, हे ते उत्साहाने सांगत होते. धोरणाचा प्राण जर कोठे जिवंत असेल, तर तो अशा माणसांच्या पदरचा आहे. धोरणाने त्याची तरतूद केलेली नाही.

आता मूळ तात्त्विक प्रश्नाकडे वळतो. ज्ञान हे विभाज्य आहे काय, आणि असल्यास त्याचा एक भाग कोणाला आणि संपूर्ण ज्ञान कोणाला, हे कोणी ठरवावे? छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा या ठिकाणी मला पुनःपुन्हा आठवते. आपले गोत्र आपल्याला ठाऊक नाही, आई तरुणपणी पुष्कळांच्या घरी सेवा करीत होती आणि तिलाही ते ठाऊक नाही, असे त्याने हारिद्रुमत गौतमांना सरळ सांगितले, आणि गौतमांनी त्याचे उपनयन केले. एवढे सत्य ब्राह्मणाखेरीज दुसरा कोणी बोलणार नाही, असे जे गौतम म्हणाले, त्यात त्यांच्या काळाचे बंधन स्पष्ट दिसते, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु कृतीने त्यांनी जे केले ते त्यांच्या उक्तीहून मोठे होते. त्यांनी पूर्वपीठिका विचारली आणि ती मिळाली नाही, तरी दार लावले नाही. त्यांनी त्याच्या हवाली केल्या त्या चारशे कृश आणि दुबळ्या गाई. त्यांच्या हजार झाल्याखेरीज परतणार नाही, असे म्हणून तो रानात गेला, आणि वर्षे लोटल्यावर परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्माचा एक पाद वृषभाने सांगितला, दुसरा अग्नीने, तिसरा हंसाने आणि चौथा मद्गु नावाच्या पाणपक्ष्याने.

चार पाद आणि चार वर्षे, या साम्यावर मला भर द्यावयाचा नाही. भेद अधिक बोधप्रद आहे. वृषभाने आपला पाद सांगून झाल्यावर पुढचा पाद अग्नी सांगेल असे म्हटले, अग्नीने हंसाचे नाव सांगितले, हंसाने मद्गूचे. प्रत्येक भाग आपल्या अपूर्णतेची जाणीव देऊन आणि पुढच्या गुरूचा ठाव सांगूनच थांबत होता. आणि चारही पाद मिळाल्यावर, मुखावर ज्ञानाचे तेज आलेले असूनही, सत्यकामाने गौतमांपाशी येऊन सांगितले की, आचार्यांकडून मिळालेली विद्याच सिद्धीस जाते, तेव्हा आपणच मला सांगावे. आणि गौतमांनी तेच ज्ञान काहीही वगळल्याशिवाय त्याला पुन्हा सांगितले. श्रेयांकांच्या पद्धतीत एकेक भाग स्वतःपुरता पुरा मानला जातो, त्याची नोंद होते, तो खात्यावर जमा होतो. पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याला पुढचा पाद कोठे आहे हे सांगणारा, आणि तो परतून आल्यावर त्याला ओळखणारा आचार्य ज्या महाविद्यालयात नाही, तेथे प्रवेश आणि निर्गमन यांच्या अनेक वाटांपैकी निर्गमनाचीच वाट वहिवाटीची होईल, अशी मला भीती वाटते. तासिका तत्त्वावरचा अध्यापक त्याला ओळखणार कसा? त्या वेळी तो स्वतःच तेथे असेल, याचा भरवसा नाही.

दुसरी आठवण अधिक कठोर आहे. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारलेला आहे, आणि आद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तो निर्णय मान्य केलेला आहे. मात्र त्याच ठिकाणी इतिहासपुराणांच्या द्वारे ज्ञानप्राप्तीची मुभा चारही वर्णांना आहे, असेही ते सांगतात. अद्वैताचा एवढा मोठा उद्गाता या ठिकाणी थांबला, याचे दुःख अद्वैतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला झाले पाहिजे. मूळ ग्रंथ एकाला आणि त्याचा कथारूप सारांश दुसऱ्याला, ही वाटणी क्रूर नसेल, दयाळूही असेल. परंतु तिच्यात अधिकार शिक्षणापूर्वीच निश्चित झालेला असतो, आणि शिक्षणाने तो बदलण्याची शक्यता मुळातच बंद झालेली असते. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी आणि त्यांच्याही आधी चक्रधरस्वामींनी देशीच्या आश्रयाने ही सीमा पुसण्याचा उद्योग केला, आणि जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना तिचा आर्थिक पायाच उघडा केला: कर रयतेच्या श्रमाचा, आणि त्यातून दिले जाणारे शिक्षण वरिष्ठ वर्गाला, अशी ती व्यवस्था होती, वरचे ज्ञान आपोआप खाली झिरपेल ही सरकारची आशा फोल ठरली, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

नवे धोरण कोणालाही जन्मावरून वगळीत नाही, आणि तसा आरोप करणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. परंतु संशोधनप्रधान विद्यापीठे, अध्यापनप्रधान विद्यापीठे आणि स्वायत्त पदवीदाती महाविद्यालये असे संस्थांचे जे तीन प्रकार त्यात कल्पिलेले आहेत, आणि जे प्रकार एकमेकांपासून काटेकोरपणे तोडलेले नाहीत अशी पुस्तीही धोरणकर्त्यांनी जोडलेली आहे, त्या रचनेत मध्यम महाविद्यालयाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते, हे पाहावे. त्याच्या वाट्याला कौशल्याचे अभ्यासक्रम येतात. कौशल्य हलके आहे, असे मी म्हणत नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीमेची कल्पना मांडली, ती हस्तोद्योगाला विद्येचे अंग मानणारी होती. भाऊरावांच्या कमवा आणि शिका योजनेत खडी फोडणारा मुलगा त्याच महाविद्यालयात इंग्रजी नाटक शिकत असे. श्रम आणि चिंतन एकाच विद्यार्थ्याच्या दिनक्रमात होते, म्हणून ते दोन्ही प्रतिष्ठित होते. जेथे चिंतन एका गावच्या मुलांना आणि कौशल्य दुसऱ्या गावच्या मुलांना अशी विभागणी होते, तेथे मूळ ग्रंथ आणि सारांश यांची जुनी वाटणी नव्या नावाने परत येते.

याचा एक लहानसा पुरावा ज्या विषयाशी माझा जन्मभराचा स्नेह आहे, त्या तत्त्वज्ञानाच्या स्थितीत मिळतो. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर हे तालुक्याचे ठिकाण. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी तेथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विसाव्या शतकातील अत्यंत स्वतंत्र प्रज्ञेचा भारतीय तत्त्वचिंतक काही काळ तेथे येऊन राहिला, जी. आर. मलकानींनी तेथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक चालविले, आणि साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते याच मंदिराच्या ओढीने. खानदेशच्या त्या गावाला कोणी संशोधनप्रधान ठरविले नव्हते. एका श्रीमंताच्या श्रद्धेने आणि काही विद्वानांच्या निष्ठेने ते तसे झाले. आज मध्यम महाविद्यालयांत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे विभाग एकामागून एक मिटत आहेत. कार्यभार भरत नाही, निवृत्त झालेल्या अध्यापकाची जागा भरली जात नाही, मग विषय घेणारे विद्यार्थी उरत नाहीत, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून कार्यभार नाही, असे ते चक्र पुरे होते. आमच्या विद्यार्थ्यांना त्याची गरजच नाही, असे एका संस्थाचालकांनी मला सद्भावनेने सांगितले. गरज कोणाला आहे हे विद्यार्थ्याने तो विषय ऐकण्यापूर्वीच ठरविणे, हाच तो अधिकारभेद.

एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो क्षुद्र नाही. ज्या महाविद्यालयात अध्यापक नाहीत, ग्रंथालयात नवी पुस्तके नाहीत, तेथील पदवी विद्यार्थ्याच्या हाती देणे ही त्याची फसवणूक नव्हे काय, आणि दर्जा नसलेल्या संस्थेचे रक्षण समतेच्या नावाने करणे म्हणजे गरिबाला कायमचे दुय्यम शिक्षण देणे नव्हे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याची तळमळ मी मानतो. परंतु त्याच्या तर्कात कार्यकारणाचा क्रम उलटा झालेला आहे. मध्यम महाविद्यालयाला दर्जा नाही म्हणून त्याला अध्यापक मिळत नाहीत असे नाही. वर्षानुवर्षे अध्यापकपदे रिक्त ठेवली गेली म्हणून त्याचा दर्जा ढासळला. शिक्षणावर सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करण्याचे वचन कोठारी आयोगापासून चालत आले आहे, २०२० च्या धोरणातही त्याचा पुनरुच्चार आहे, आणि ते आजवर पाळले गेलेले नाही. कृश गाई सोपवून हजारांची अपेक्षा करण्याचा अधिकार गौतमांना होता, कारण रान आणि चारा त्यांनी नाकारला नव्हता.

स्वायत्तता ही बक्षीस म्हणून नव्हे तर साधन म्हणून दिली जावी, हे माझे म्हणणे आहे. ज्याने स्वतःचा अभ्यासक्रम कधी आखलाच नाही, त्याच्याकडे तो आखण्याची पात्रता आधी मागणे म्हणजे पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू न देणे होय. कोयना खोऱ्यातील महाविद्यालयाने धरणग्रस्तांच्या इतिहासाचा, पंढरपूरच्या महाविद्यालयाने वारकरी संप्रदायाच्या तत्त्वविचाराचा, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयाने कोरकू भाषेचा अभ्यासक्रम आखावा. तो प्रारंभी कच्चा असेल, आणि विद्यापीठाने पाच वर्षे शेजारी बसून तो पक्का करून घ्यावा. तीन हजारांच्या पटाची अट डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांपुरती मागे घ्यावी. आणि सर्वांत प्रथम रिक्त पदे कायम स्वरूपात भरावी, कारण उरलेली प्रत्येक सूचना त्या एका गोष्टीवर उभी आहे.

चौथ्या वर्षाचा प्रश्न तातडीचा आहे. संशोधनासह सन्मानपूर्वक पदवीसाठी विद्यार्थ्याने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविलेले असावेत आणि विभागात संशोधन मार्गदर्शक म्हणून मान्यता पावलेले कायम अध्यापक असावेत, अशी अपेक्षा आहे. पहिली अट विद्यार्थी आपल्या कष्टाने पुरी करू शकतो. दुसरी त्याच्या हाती नाही. २०२४ च्या जूनमध्ये अशा महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात आपली सहा सत्रे पुरी करील, आणि तिच्यात ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळविलेली मुले असतील. त्यांनी चौथे वर्ष आपल्याच गावी करावे की त्यासाठी शहराची वाट धरावी, आणि ज्यांना शहर परवडणार नाही त्यांनी काय करावे, याचा निर्णय त्यापूर्वी व्हावयास हवा, आणि तो सहसंचालकांच्या कचेरीत नव्हे तर मंत्रालयात, पदमंजुरीच्या कागदावर व्हावयास हवा.